हिरवळीचे जुने चाकर

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडी किती होती, जेवणाचे काय केले आणि काय काय पाहिले? पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र विचारणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते : लंडनचा मनोरा, बकिंगहॅम राजवाडा, शेक्सपिअरचे घर आणि वर्डस्वर्थचे सरोवर. या यादीत मी 'गवत कापायच्या यंत्रांचे संग्रहालय' असे एक नाव घालते, तेव्हा समोरचा आधी हसतो आणि मग जरा काळजीने विचारतो, "पण तुम्ही मराठी शिकवता ना?"

मराठी शिकवते म्हणूनच ते संग्रहालय मला आवडले. तसे का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

माझे दादा-वहिनी लँकेशायरमधल्या ऑर्म्सकर्क नावाच्या लहानशा गावी राहतात. 2023 साली मे महिन्याची सुट्टी लागताच मी त्यांच्याकडे गेले. तिथून अर्ध्या तासावर समुद्रकाठी साउथपोर्ट आहे. समुद्रकाठी म्हणायचे ते नकाशाच्या भरवशावर! ओहोटीच्या वेळी तिथला समुद्र इतका मागे हटतो, की वाळूत उभे राहून त्याला शोधावे लागते. त्याला गाठण्यासाठी जुन्या लोकांनी लांबच लांब धक्का बांधला. पण मी गेले तेव्हा तोही सुरक्षिततेच्या कारणासाठी बंद ठेवलेला होता. गाव मात्र देखणे. लॉर्ड स्ट्रीट नावाचा रुंद रस्ता, त्याच्या कडेला लोखंडी खांबांवर पेललेली काचेची छते आणि त्यांच्या खाली दुकाने. पाऊस आला तरी खरेदीत खंड पडू नये, ही लॉर्ड स्ट्रीटची सोय आपल्या लक्ष्मी रोडला मिळाली तर काय बहार होईल, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

संग्रहालय आहे ते शेक्सपिअर स्ट्रीटवर. नाव ऐकून मी हरखले. त्या महाकवीच्या नावाच्या रस्त्यावर उभे राहून आपण नाटकाचे तिकीट न काढता गवत कापायची यंत्रे पाहायला चाललो आहोत, याची मौजही वाटली. दर्शनी भागी साधे दुकान. आत खोल्यांमागून खोल्या, आणि त्यांत खेटून उभी असलेली हिरवी, तांबडी, काळी यंत्रे. राजघराण्यातल्या आणि नामवंतांच्या घरून आलेल्या यंत्रांचा मानही वेगळा राखलेला. पण माझे लक्ष खिळले ते बिनानावाच्या यंत्रांवर. यांतली कित्येक कधी काळी गंजून कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेली होती, आणि कुणीतरी आपल्या सुट्टीचे दिवस घालून त्यांना पुन्हा उभे केले होते.

इंग्रज माणसाचे हिरवळीचे वेड ठाऊक असल्याशिवाय या खटाटोपाचा उलगडा होत नाही. आपण अंगणात सडा घालतो, तुळस लावतो. तो गवत लावतो आणि मग ते वाढले म्हणून आयुष्यभर कापत बसतो. एके काळी ही चैन फक्त सरदार-जमीनदारांची होती. लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर पहाटे दव असतानाच कामाला लागत, कारण ओले गवत पात्याखाली नीट सापडते. एवढी माणसे पदरी बाळगणे साध्या गृहस्थाला कुठून परवडणार?

ही अडचण दूर केली ती ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झाले, की त्याच्यावर उठलेली लव कातरावी लागे, आणि त्यासाठी नागमोडी पात्यांचा फिरता रूळ असलेले यंत्र वापरीत. ते पाहून बडिंगच्या मनात आले, की जे लोकरीच्या लवेला चालते ते जमिनीच्या लवेला का चालू नये? 1830 साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. जॉन फेराबी नावाच्या कारखानदाराने त्याला पैशाचे पाठबळ दिले. लोकांनी हसू नये म्हणून तो आपले यंत्र रात्रीच्या अंधारात चालवून पाही, अशी एक आख्यायिका तिकडे सांगतात. 1832 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने ते बनवण्याचा परवाना घेतला. पुढे गवतावरच्या खेळांना या यंत्राने केवढे बळ दिले! 1877 साली विम्बल्डनला टेनिसची पहिली स्पर्धा झाली, ती सारख्या कापलेल्या हिरवळीवाचून कशी झाली असती? बडिंगला मात्र हे वैभव दिसले नाही; तो 1846 मध्येच वारला.

गंमत अशी, की बडिंगची युक्ती आजही बदललेली नाही. यंत्राच्या पोटात एक आडवा रूळ असतो, त्याच्याभोवती पीळ दिलेली पाती असतात. खाली एक स्थिर, सरळ पाते. रूळ फिरला की गवताची काडी या दोहोंच्या कात्रीत सापडते आणि कातरली जाते. विळा गवताला मारतो. हे यंत्र त्याला कातरते. म्हणून त्याने कापलेली हिरवळ न्हाव्याने नुकतेच केस कापलेल्या पोरासारखी गुळगुळीत दिसते.

यंत्र तेच राहिले, ओढणारा मात्र बदलत गेला. आधी माणसे ढकलीत. 1842 साली स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या शँक्सने तट्टाने ओढायचे यंत्र काढले. हिरवळीवर खुरांचे ठसे उठू नयेत, म्हणून या जनावरांच्या पायांत चामड्याचे बूट घालीत! आपल्याकडे ताजमहालाच्या बागेत हेच काम बैलांनी केले, तेही अनवाणी. मग आली वाफ. 1893 साली लँकेशायरमधल्याच लेलँड गावच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र केले. 1896 मध्ये सम्नर मंडळींनी स्पुरियर नावाच्या घराण्याबरोबर वाफेच्या गाड्यांचा कारखाना काढला. त्याचाच पुढे लेलँड मोटर्स झाला, आणि 1955 साली त्या नावाशी मद्रासच्या अशोक मोटर्सची गाठ पडून 'अशोक लेलँड' हे नाव जन्मले. घाटात धापा टाकणाऱ्या आपल्या एस. टी.च्या नाकावर जे नाव आपण लहानपणापासून वाचले, त्याचा एक पूर्वज असा कुणाच्या तरी बागेत गवत कापीत होता!

1902 मध्ये रॅन्समने पेट्रोलवरचे यंत्र विक्रीस आणले, आणि 1921 मध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पग यांच्या कारखान्याने 'ॲटको' काढले. मध्यमवर्गीय इंग्रजाच्या घरी यंत्राची हिरवळ आली ती अशा यंत्रांमुळे. दुसरे महायुद्ध आले; हिरवळी खणून लोकांनी बटाटे लावले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. शांतता झाल्यावर यंत्रे पुन्हा आली. पुढे विजेची आली, 1960 नंतरच्या दशकात हवेवर तरंगणारी हलकी यंत्रे आली, आता तर आपण चहा पीत असताना आपली आपण गवत कापत फिरणारीही आली आहेत. जुने बिडाचे धूड ज्याच्या त्याच्या शेडच्या कोपऱ्यात गेले.

इथून पुढे या छंदाची कथा सुरू होते. अशा यंत्रांवर जीव लावणाऱ्यांनी 1990 साली ब्रिटनमध्ये आपले एक मंडळ स्थापन केले. कुणाला रॅन्समची ओढ, कुणाला ॲटकोची, कुणाला फक्त तट्टाने ओढायच्या यंत्रांची. एकाकडे चाक असते, दुसऱ्याकडे त्याच चाकाची साखळी असते, आणि दोन मोडक्यांतून एक धडके उभे राहते. यंत्रावरच्या पितळी पट्टीवरचा आकडा वाचून ही मंडळी त्याचे जन्मवर्ष सांगतात. आपल्याकडे एखादे शास्त्रीबुवा पत्रिका पाहून सांगतील तसे.

असे एक गृहस्थ दादाच्या शेजारीच निघाले. वय ऐंशीच्या घरात; उभी हयात कारखान्यात फिटरचे काम केलेले. त्यांचे वडील एका बोलिंग क्लबाच्या हिरवळीचे राखणदार होते. लाकडी चेंडू गडगडवण्याचा हा खेळ लँकेशायरमध्ये फार प्रिय. क्लबाने नवे यंत्र घेतले तेव्हा वडिलांनी आपले जुने ॲटको घरी आणले, आणि वडील गेल्यावर ते ताडपत्रीखाली कित्येक वर्षे पडून राहिले. निवृत्तीनंतर या आजोबांनी ते बाहेर काढले. माझा पंधरा वर्षांचा भाचा निखिल दर शनिवारी त्यांच्या शेडमध्ये जाई. एका शनिवारी तो म्हणाला, "आत्या, चल ना. आज इंजिन लावणार आहेत."

शेड म्हणजे आठ-दहा फुटांची लाकडी खोली. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले. हे पाने आजच्या मापांचे नव्हेत. जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे व्हिटवर्थ नावाच्या मापाचे असतात आणि त्यांना मिलिमीटरचा पाना बसवायला गेले, की नटाचे कोपरे झिजतात. फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, आत त्या त्या भागाचे नट-बोल्ट. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी आजोबा त्याचे छायाचित्र घेत. "खोलताना सगळ्यांना वाटतं, आपल्या लक्षात राहील," ते म्हणाले, "पण यंत्राची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली असते. चुकीचं बसवलं की ते बरोबर आठवण करून देतं."

त्यांनी मला सारा क्रम समजावून सांगितला. गंजलेल्या बोल्टला आधी तेल पाजायचे आणि वाट पाहायची. दिवसभर नव्हे, लागल्यास तीन आठवडे. मधून मधून हलकेच ठोकायचे, थोडी ऊब द्यायची. जोर केला की बोल्ट तुटतो आणि मग तो कोरून काढण्यात महिना जातो. जुना रंग कोरडा घासायचा नाही, कारण त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ छातीत जाते. पेट्रोलच्या टाकीत मूठभर खडे घालून ती खुळखुळवायची, म्हणजे आतला गंज सुटतो. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून त्याची टोके साफ करायची. पेट्रोलचीही पंचाईत असते. 2021 च्या सप्टेंबरपासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या यंत्रांतले रबर व बूच त्याने खराब होतात. म्हणून आजोबा इथेनॉल नसलेले इंधन मुद्दाम आणीत. आपल्याकडे तर 2025 पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची स्कूटर अजून आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सर्वांत नाजूक काम म्हणजे पात्यांना धार. रुळावर खरखरीत लेप लावून तो उलटा फिरवायचा, म्हणजे फिरती पाती आणि खालचे पाते एकमेकांना घासून एकमेकांचीच धार काढतात. मग दोन्ही टोकांचे स्क्रू केसाइतके फिरवीत त्यांच्यातले अंतर जमवायचे. परीक्षा अगदी साधी. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची आणि रूळ हाताने फिरवायचा. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत प्रत्येक जागी कागद स्वच्छ कापला गेला, की यंत्र पास. निखिलने त्या दिवशी असे अकरा तुकडे कापले. बाराव्या जागी कागद नुसता दुमडला, आणि आजोबांनी काही न बोलता त्याच्या हातात पुन्हा पाना दिला.

रंगाचा प्रश्न मात्र पान्याने सुटणारा नव्हता. या छंदात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, यंत्र कारखान्यातून निघाले तेव्हा जसे झळकत होते तसे झळकले पाहिजे. दुसरा म्हणतो, त्याला चालते करा, तेल द्या, गंज थांबवा. पण अंगावरच्या खुणा पुसू नका, त्याच तर त्याचे आयुष्य आहेत. आजोबांनी पितळी पट्टी काढून तिच्याखाली उन्हापावसापासून वाचलेला मूळ हिरवा रंग शोधला आणि तसाच रंग मिळवून सारे यंत्र रंगवले. फक्त मुठींपाशी दांडा तसाच ठेवला. तिथला रंग वडिलांच्या तळव्यांनी झिजून गेला होता आणि खालचे लोखंड चकचकीत झाले होते. मी विचारले, एवढेच का सोडले? ते म्हणाले, "रंग काय, दुकानात मिळतो. वडिलांचा हात कुठे मिळतो?"

मला एकनाथमहाराज आठवले. 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ काढले. पण आपण स्वतः थोर कवी असूनही त्यात आपली कविता मिसळली नाही. कोणता डाग गंज आहे आणि कोणता डाग म्हणजे मूळ हाताची खूण, हे ओळखणे हीच जीर्णोद्धाराची विद्या. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या मंदिराला भडक ऑइल पेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतात, तेव्हा पैसा कमी पडलेला नसतो, ही ओळख कमी पडलेली असते.

संध्याकाळी यंत्र हिरवळीवर आणले. अशा जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागते. सोळा भाग पेट्रोल, एक भाग तेल. निखिलने किक मारली. काही नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. मला वाटले, आता हे त्याला आपल्या बजाज स्कूटरसारखे एका कुशीवर वाकवतात की काय! चौथ्या किकेला ते खोकले, निळा धूर सोडला, आणि मग फट्‌फट्‌ करीत चालू झाले. तो वास थेट आमच्या वाड्याच्या बोळातला होता. आजोबा पुढे झाले नाहीत. त्यांनी दांडा निखिलच्या हाती दिला. त्याचे तळवे बरोबर त्या चकचकीत जागेवर पडले. हिरवळीवर फिकट आणि गडद हिरव्या पट्ट्या उमटत गेल्या, धोतराच्या काठासारख्या सरळ.

नंतर चहा घेताना मी त्यांना विचारले, की हे पुढे कुणाला द्यायचे ठरवले आहे? त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याला यंत्रात रस नाही. संग्रहालयाला द्यावे का? ते म्हणाले, "संग्रहालय आहे म्हणून बरं आहे. पण हे ज्याला पूर्ण खोलून पुन्हा जोडता येईल, त्याला मी ते देणार." आणि निखिलकडे न पाहता त्यांनी कप खाली ठेवला. निखिल तीन वर्षांत विद्यापीठात जाईल, कुठल्या तरी शहरात खोली घेईल, आणि तिथे शेड नसेल. हे त्या टेबलाशी बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळत होते.

परतताना निखिलने मला विचारले, "आत्या, बॉटम ब्लेडला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटले, खालचे पाते. पिस्टनला? दट्ट्या. कास्ट आयर्नला? बीड. स्पॅनरला? पाना. कार्बोरेटरला? "कार्बोरेटरच," मी सांगितले, "आमचा मिस्त्री जे बोलतो तेही मराठीच की!" तो खूश झाला. मग मी त्याला त्याच्या पणजोबांच्या विहिरीवरच्या मोटेचे शब्द सांगितले. पाणी उपसणारी मोट, तिची सोंड, जाड दोर तो नाडा, बारीक तो सोल, बैल चालत ती धाव, पाणी पडे ते थारोळे. "म्हणजे तू ती चालवलीस?" त्याने विचारले. मी मोट चालताना कधी पाहिलेलीसुद्धा नाही. हे सारे शब्द मी कोशातून शिकले, आणि वर्गात मुलांना पुस्तकातूनच शिकवते.

त्या मुलाकडे वस्तू होती, वापर होता, आणि शब्द तो विचारून घेत होता. माझ्याकडे शब्द आहेत. त्यांच्याखालचे लोखंड आणि चामडे मात्र नाहीसे झाले आहे. एक अवजार अडगळीत गेले, की त्याच्याबरोबर दहा शब्द जातात, आणि बोल्टला तीन आठवडे तेल पाजण्याचा धीरही जातो. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत राजाच्या स्मरणार्थ घरगुती वस्तूंचे केवढे मोठे संग्रहालय उभे केले! ते दिवे आणि अडकित्ते काचेमागे सुखरूप आहेत, हे आपले भाग्य. पण घरातल्या वस्तूला काचेची वाट पाहायला लावण्याची गरज नसते.

दिवाळीच्या आधी आपण सारेच माळा आवरतो. तिथे आईचे शिवणाचे मशीन असते, आजोबांचा स्टोव्ह असतो, बंद पडलेले किल्लीचे घड्याळ असते. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला त्या वस्तूपाशी एकत्र बसवावे. म्हाताऱ्याने भागांची नावे सांगावीत, मुलाने ती वहीत लिहावीत आणि दोघांनी मिळून प्रत्येक फिरत्या जागी तेलाचा एकेक थेंब सोडावा. ते यंत्र चालू होईलच असे नाही. पण थांबायची तयारी ठेवावी. तेल मुरायला वेळ लागतो.